परदेशी गिऱ्हाइकाने करारात सिंगापूरचं आर्बिट्रेशन घातलंय, सही करू का?

भट्टीवाला

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे. पंप आणि व्हॉल्व्हच्या बॉड्या ओततो. आजवर माल पुण्याच्या एका एजंटामार्फत बाहेर जायचा. आता एका जर्मन ग्रुपने थेट सप्लायचा करार पाठवलाय. वर्षाला साधारण चार कोटींचं काम आहे, त्यामुळे घरात आनंदीआनंद. पण सही करणारी कंपनी जर्मन नाही. त्यांची सिंगापूरला एक सोर्सिंग कंपनी आहे, ती सही करणार. माल न्हावा शेव्याहून हॅम्बुर्गला, बिल सिंगापूरच्या नावाने, पैसे ९० दिवसांनी.

शेवटून दुसऱ्या पानावर वादाचं कलम आहे. त्यात चार गोष्टी आहेत: वाद झाल्यास सियाकच्या (सिंगापूरचं लवाद केंद्र) नियमांनी आर्बिट्रेशन, म्हणजे कोर्टाऐवजी लवादाकडून निकाल, 'व्हेन्यू सिंगापूर', कराराला कायदा जर्मनीचा, आणि खाली 'कोल्हापूरच्या कोर्टांना अधिकारक्षेत्र राहील'. हे शेवटचं आमच्या इथल्या वकिलांनी घालून घेतलं, समोरचे काही बोलले नाहीत. वकीलसाहेब दिवाणी कामात चांगले आहेत, पण हा विषय त्यांचा नाही असं तेच म्हणतात.

विचारायचं हे की कोल्हापूरच्या त्या ओळीचा मला काही उपयोग आहे का? सिंगापूरऐवजी मुंबईचा आग्रह धरू का? आणि या भानगडीला खर्च किती येतो? जाणकारांनी जरा उलगडून सांगा.

तिरकस

सही करा. वाद झाला की कळेलच. :)

काळा_कोट

मी मुंबईत फोर्टला प्रॅक्टिस करते, त्यातली बरीच याच विषयात. तुमचा पूर्ण करार न वाचता हा सल्ला नाही, माहिती समजा.

आधी कोल्हापूरची ओळ. ती तुमचं रक्षण करत नाही, उलट वादाच्या आधीचा वाद तयार करून ठेवते. आर्बिट्रेशनमध्ये 'सीट' ठरवते की त्या लवादावर देखरेख कोणत्या देशाच्या कोर्टाची, निवाडा रद्द करायला जायचं कुठे. सुनावणी प्रत्यक्षात कुठल्या हॉटेलात किंवा झूमवर होते याला तसं महत्त्व नाही. तुमच्या कलमात सीट असा शब्दच नाही, व्हेन्यू आहे. सुप्रीम कोर्टाने २०१९ च्या बीजीएस सोमा प्रकरणात म्हटलं की एकच ठिकाण नेमून दिलं असेल आणि उलट काही दिसत नसेल, तर व्हेन्यू हीच सीट धरा. पण तुमच्याकडे 'उलट' दिसणारं वाक्य तुम्हीच घालून ठेवलंय.

असलीच खिचडी २०२५ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टात गेली होती. डिसॉर्थो ही कोलंबियाची कंपनी, समोर गुजरातची मेरिल. करारात एका कलमात भारतीय कायदा आणि गुजरातची कोर्टं, दुसऱ्या कलमात बोगोटाला आर्बिट्रेशन. कोर्टाने भारतीय कायदा धरला आणि बोगोटा नुसती भेटायची जागा ठरली. निकाल पटो न पटो, दोन कंपन्या आर्बिट्रेटर कोण नेमणार एवढ्यासाठी दिल्लीत सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या. मुद्द्याला हात लागलाच नव्हता.

दिल्ली का, तर आपल्या १९९६ च्या लवाद आणि सलोखा कायद्यात एक पक्ष परदेशी असला की ते आंतरराष्ट्रीय व्यापारी आर्बिट्रेशन होतं. सीट भारतात असेल आणि नेमणूक अडली तर अर्ज थेट सुप्रीम कोर्टात करायचा. दोन्ही पक्ष भारतीय असते तर हेच काम हायकोर्टात झालं असतं.

निवृत्त_टेंडरवाला

मी सरकारी कंपनीत कंत्राटं बघण्यात नोकरी काढली, म्हणून थोडं कडू बोलतो. आपल्याकडे निवाडा मिळणं म्हणजे खटला संपणं नव्हे, तिथून तो सुरू होतो.

नाफेड आणि अलिमेंटाचं प्रकरण बघा. १९८० सालचा शेंगदाण्याचा सौदा, ५००० टनांचा. त्यातले १९०० टन गेले. उरलेला माल पुढच्या हंगामात पाठवायला सरकारने नाफेडला परवानगी दिली नाही. समोरची स्विस कंपनी लंडनच्या आर्बिट्रेशनमध्ये गेली, १९८९ ला निवाडा तिच्या बाजूने. मग दिल्लीत अंमलबजावणी. सुप्रीम कोर्टाचा शेवटचा निकाल आला एप्रिल २०२० मध्ये आणि तो काय, तर हा निवाडा भारताच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, लागू होणार नाही. सौदा केला तेव्हा जन्मलेलं पोर निकालाच्या वेळी चाळिशीचं झालं.

दुसरं, पिपरवार कोळसा खाणीचं. ऑस्ट्रेलियाची व्हाइट इंडस्ट्रीज विरुद्ध कोल इंडिया. २००२ ला निवाडा हातात आला, पण आपल्या कोर्टांत तो अडकून पडला. शेवटी कंपनीने दोन देशांमधल्या गुंतवणूक कराराखाली भारत सरकारवरच दावा ठोकला आणि २०११ मध्ये जिंकली. कोर्टाच्या उशिराचे पैसे सरकारने भरायचे, सुमारे ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. म्हणजे तुमच्या आमच्या खिशातून.

घोकंपट्टी

काका, नाफेडच्या निकालावर आमच्या कॉलेजात सगळे सर टीका करतात. तो अपवाद म्हणून शिकवतात. त्याच वर्षी फेब्रुवारीत विजय कारिया विरुद्ध प्रिस्मियन आला होता की! लंडनचा निवाडा होता. सुप्रीम कोर्टाने अंमलबजावणी तर मान्य केलीच, वर अपील करणाऱ्यांना ५० लाख रुपये खर्च भरायला लावला.

निवृत्त_टेंडरवाला

फेब्रुवारीत एक आणि एप्रिलमध्ये दुसरं, हेच तर म्हणतोय बाळा. धंदेवाल्याने कुठल्या महिन्यात हरायचं ते ठरवायचं का?

काळा_कोट

काकांचा राग समजतो. व्हाइट इंडस्ट्रीजसारखं प्रकरण घडलं, कारण २००२ च्या भाटिया निकालाने परदेशातल्या आर्बिट्रेशनलाही आपल्या कायद्याचा पहिला भाग, म्हणजे भारतातल्या आर्बिट्रेशनसाठीचे नियम, लावला. लोक लंडन-पॅरिसचे निवाडे रद्द करायला इथल्या कोर्टांत येऊ लागले. ६ सप्टेंबर २०१२ ला बाल्कोच्या निकालाने ते दार बंद केलं, पण फक्त त्यापुढच्या करारांसाठी. जुनी प्रकरणं वर्षानुवर्षं रेंगाळत राहिली. मग २०१५ ची दुरुस्ती आली. तीत निवाड्यावर अर्ज केला की आपोआप स्थगिती मिळायची ती गेली आणि सार्वजनिक धोरणाची व्याख्या आवळली. निवाड्यात उघड बेकायदेशीरपणा आहे हा आक्षेप आंतरराष्ट्रीय प्रकरणांत घेताच येत नाही. भट्टीवालेसाहेब, तुम्ही मुंबईची सीट घेतली तरी समोरच्याला हे हत्यार मिळणार नाही. निवाड्याविरुद्धचा अर्ज सरळ हायकोर्टात, तीन महिने अधिक जास्तीत जास्त तीस दिवसांच्या आत. जिल्हा न्यायालयाची पायरीच नाही.

तरी वेळ लागतो, हे नाकारणार नाही. मुंबईचंच उदाहरण म्हणजे एविटेल ही कंपनी. एचएसबीसीच्या मॉरिशसच्या कंपनीने २०११ मध्ये त्यात ६ कोटी डॉलर घातले, फसवणुकीचा आरोप झाला, सियाकचा अंतिम निवाडा २०१४ ला आला. अंमलबजावणीवर सुप्रीम कोर्टाची मोहोर उठली मार्च २०२४ मध्ये. पण त्यात शिकण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. निवाडा येण्याआधीच त्यांनी मुंबई हायकोर्टातून लवाद कायद्याच्या कलम ९ खाली (तात्पुरत्या संरक्षणाचं कलम) रक्कम सुरक्षित ठेवण्याचा आदेश मिळवला होता. समोरच्याची मालमत्ता इथे होती म्हणून ते जमलं.

भट्टीवाला

मॅडम, लई उपकार. पण हे सगळं परदेशी लोक इथे वसुलीला येतात त्याचं झालं. माझं उलटं आहे ना? मी माल देणारा. पैसे अडकले तर माझेच अडकणार.

मर्लायन

हाच खरा प्रश्न, आणि तो तुम्हीच विचारलात हे बरं. मी मूळचा इचलकरंजीचा, सिंगापुरात जहाज मालाच्या क्लेम्सचं काम करतो. वकील नाही, पण आर्बिट्रेशनच्या फायली रोज हाताखालून जातात.

सीट मुंबई की सिंगापूर यावर लोक तावातावाने भांडतात. मी आधी विचारतो की समोरच्याची चीजवस्तू कुठे आहे? तुमच्याशी सही करणारी सोर्सिंग कंपनी असेल तर बहुधा तिच्याकडे भाड्याचं ऑफिस, चार माणसं आणि एक बँक खातं. माल तिच्या ताब्यात येतच नाही, तो थेट हॅम्बुर्गला उतरतो. उद्या तुम्ही झकास निवाडा मिळवलात तरी जप्त काय करणार, कॉफीचं मशीन?

निवाडा भारतातला असो की सिंगापूरचा, दोन्ही देश आणि जर्मनीही न्यूयॉर्क करारात (एकमेकांकडचे लवादाचे निवाडे मानण्याचा आंतरराष्ट्रीय करार) आहेत, तेव्हा तो जर्मनीत नेता येतो. पण निवाडा सिंगापूरच्या कंपनीविरुद्ध असेल तर जर्मनीतल्या आईला, म्हणजे मूळ कंपनीला, तो लागत नाही. म्हणून एक तर मूळ जर्मन कंपनीची सही घ्या, नाहीतर तिची हमी घ्या आणि हमीपत्रातही तेच आर्बिट्रेशनचं कलम जसंच्या तसं घाला. यापुढे सीटची चर्चा दुय्यम.

घोकंपट्टी

पण ग्रुप ऑफ कंपनीज तत्त्व आहे ना? कॉक्स अँड किंग्जमध्ये २०२३ ला पाच न्यायाधीशांनी सांगितलं की सही न केलेल्या कंपनीलाही ओढता येतं.

काळा_कोट

येतं, पण तिचा करारात आणि त्याच्या पालनात प्रत्यक्ष सहभाग दाखवावा लागतो. नुसती एकाच ग्रुपची आहे म्हणून नाही. शिवाय हे भारतीय कायद्याचं झालं. सीट सिंगापूरची असेल तर तिथल्या न्यायालयांना हे तत्त्व मानवत नाही. आज पेन हातात असताना सही घ्यायची सोय आहे, ती सोडून उद्या तत्त्वावर लढायचं कशाला? मर्लायन यांच्याशी शंभर टक्के सहमत.

ताळेबंद

सीएच्या बाजूने दोन पैसे. ईसीजीसीची (निर्यातीच्या पैशांचा विमा देणारी सरकारी कंपनी) पॉलिसी घ्या, पण ती कुठे थांबते तेही समजून घ्या. गिऱ्हाईक बुडालं किंवा नुसतं गप्प बसलं, तर कव्हर आहे. पण त्याने 'माल खराब निघाला' असा लेखी वाद घातला की तो वाद तुमच्या बाजूने सुटेपर्यंत क्लेम लटकतो. फाउंड्रीत तर रिजेक्शनचा वाद काढणं सगळ्यात सोपं. तिकडे बँकेच्या ईडीपीएमएसमध्ये (निर्यातीचे पैसे आले का याची ऑनलाइन नोंद) शिपिंग बिल उघडंच राहतं आणि बँकेचा माणूस दर महिन्याला फोन करतो. म्हणजे हे आर्बिट्रेशनचं कलम विम्याशीही बांधलेलं आहे, लक्षात घ्या.

९० दिवसांऐवजी थोडा ॲडव्हान्स आणि उरलेल्याला एलसी (गिऱ्हाइकाच्या बँकेची पैसे देण्याची हमी), हे मागून बघा. नाही म्हणतील, पण मागा.

तिरकस

एवढं सगळं करायचं तर कोर्टच काय वाईट? कोर्टफी भरा, तारखा घ्या.

काळा_कोट

कोल्हापूरच्या कोर्टाचा हुकूमनामा जर्मनीत चालवायला काही सोपी यंत्रणा नाही. लवादाच्या निवाड्याला न्यूयॉर्क करारामुळे ती आहे. आंतरराष्ट्रीय धंद्यात लोक आर्बिट्रेशनकडे वळतात ते मुख्यतः याच कारणाने. गोपनीयता, तज्ज्ञ आर्बिट्रेटर वगैरे नंतरचं.

उलट्या दिशेलाही लागू आहे. तुम्ही हरलात तर ते सिंगापूरचा निवाडा घेऊन इथे हायकोर्टात येतील. सिंगापूर आपल्या राजपत्रात अधिसूचित आहे. न्यूयॉर्क करार मान्य केलेला प्रत्येक देश आपल्याकडे चालतो असं नाही, सरकारने तो राजपत्रात घालावा लागतो. चीन तर २०१२ मध्ये आत आला. अंमलबजावणीच्या अर्जाला मुदत तीन वर्षं, हे वेदांता प्रकरणात २०२० ला ठरलं.

कागलकर

मग ते आता आपल्या सर्किट बेंचलाच येतील की! १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्ट सुरू झालंय, मुंबईच्या खेपा गेल्या. जर्मन साहेब भवानी मंडपात मिसळ खात बसलेला बघायला आवडेल.

भट्टीवाला

@कागलकर 😄 त्याला तांबडा रस्सा मी पाजतो.

मर्लायनसाहेब, खर्चाचं सांगा ना. आमच्या एका खेपेचं बिल तीस-पस्तीस लाखांचं असतं. त्यासाठी सिंगापूर परवडेल?

मर्लायन

एका खेपेसाठी जुन्या पद्धतीने तीन आर्बिट्रेटर बसवलेत तर अजिबात परवडणार नाही. पण सियाकचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत, त्यात लहान वादांसाठी वेगळी वाट आहे. १० लाख सिंगापूर डॉलरपर्यंतचा वाद, म्हणजे ढोबळमानाने सहा-सात कोटी रुपये, असेल तर एकच आर्बिट्रेटर, एरवी सुनावणी नाही, कागदांवर निकाल, आणि आर्बिट्रेटर नेमल्यापासून तीन महिन्यांत निवाडा. फीसुद्धा नेहमीच्या मर्यादेच्या निम्म्यावर बांधलेली. तुमचे वाद याच खाली बसतील. वकिलाचा खर्च वेगळा, तिथे मात्र जीव जातो. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च भरायचा हे तत्त्व आहे, पण तो पूर्ण कधी मिळत नाही.

आता एक आतली गोष्ट. 'कागदांवर निकाल' म्हणजे नेमके कुठले कागद? आमच्याकडे एक फाइल होती, कास्टिंगचीच, कंपन्यांची नावं सोडा. गिऱ्हाइकाने ब्लोहोलचे (ओतकामात राहिलेल्या हवेच्या पोकळ्या) फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. विकणाऱ्याच्या मार्केटिंगच्या पोराने उत्तर दिलं, 'ओके सर, विल ॲडजस्ट इन नेक्स्ट लॉट.' त्याला वाटलं गिऱ्हाईक सांभाळलं. आर्बिट्रेटरसमोर तो स्क्रीनशॉट पहिल्या पानावर. दोष कबूल, भरपाई कबूल, फक्त रक्कम ठरवायची राहिली. वास्तविक ब्लोहोल करारातल्या मर्यादेत बसत होते आणि मशिनिंग गिऱ्हाइकाकडेच झालं होतं, पण तो रिपोर्ट कुणी वेळेत पाठवलाच नव्हता.

तेव्हा करारात हेही लिहून घ्या: रिजेक्शनची नोटीस किती दिवसांत, कुणाच्या ईमेलवर, तपासणी कोणाची, आणि डेबिट नोट एकतर्फी कापता येणार नाही. या चार ओळी नीट असल्या तर आर्बिट्रेशनपर्यंत जायची वेळ येत नाही.

काळा_कोट

याला जोडून पॅटर्नचं विचारते. पॅटर्न आणि कोअर बॉक्स, म्हणजे ओतकामाचे साचे ज्यांवरून बनतात ते नमुने, कुणाच्या मालकीचे आहेत?

भट्टीवाला

पैसे त्यांनी दिलेत, पडलेत आमच्या पॅटर्न शॉपमध्ये. आम्ही तर धरून चाललोय की पैसे अडकले तर पॅटर्न अडवून धरायचे. सगळेच तसं करतात.

काळा_कोट

म्हणूनच विचारलं. सीट सिंगापूर असली तरी २०१५ च्या दुरुस्तीमुळे ते कलम ९ खाली आपल्या हायकोर्टात येऊ शकतात, पॅटर्नचा तात्पुरता ताबा किंवा रिसीव्हर (कोर्टाने ताब्यासाठी नेमलेला माणूस) मागू शकतात. तसा अर्ज नको असेल तर करारात स्पष्ट वगळावं लागतं. बिल थकलं असेल तर पॅटर्न ठेवून घ्यायचा हक्क करारातच लिहा. तोंडी रिवाजावर विसंबू नका. तुमच्या हातात असलेली ही एकमेव खरी वस्तू आहे, बाकी सगळं त्यांच्या देशात.

मुंबईच्या सीटबद्दल माझं मत सांगून टाकते. मागायला हरकत नाही. नरिमन पॉइंटला २०१६ पासून मुंबईचं आंतरराष्ट्रीय लवाद केंद्र आहे, एमसीआयए. नियम चांगले आहेत, खर्च सिंगापूरपेक्षा आटोक्यात. २०१८ च्या बालाजी निकालानंतर परदेशी वकीलही अशा प्रकरणासाठी येऊ शकतात, तेव्हा 'आमचे वकील तिथे चालणार नाहीत' ही जर्मनांची तक्रार उरत नाही. पण तुमच्याकडे सौद्यात ओढायला एकच दोर असेल, तर तो सीटवर खर्च करू नका. जर्मन कंपनीच्या हमीवर करा. सिंगापूर घ्या, पण सरळ 'सीट सिंगापूर' लिहा, एक आर्बिट्रेटर, भाषा इंग्रजी, आणि कोल्हापूरची ओळ काढा.

निवृत्त_टेंडरवाला

हे पटलं. एक भर घालतो. आर्बिट्रेटर कोण नेमणार तेही बघा. आमच्याकडे वर्षानुवर्षं कंपनीचा एमडीच आर्बिट्रेटर नेमायचा, कधीकधी स्वतःच बसायचा. कंत्राटदार बिचारा हात जोडून. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने सांगितलं की सरकारी कंपन्यांची अशी एकतर्फी नेमणूक समानतेच्या हक्काला धरून नाही. त्याच वर्षी जूनमध्ये अर्थखात्याने कळवलं होतं की सरकारी खरेदीत आर्बिट्रेशन शक्यतो १० कोटींखालच्या वादांपुरतं ठेवा. म्हणजे एकतर्फी पंच बंद होतोय म्हटल्यावर खेळच नको! असो, अवांतर झालं. खासगी करारातही 'बायर शॅल अपॉइंट' असं लिहिलेलं मी पाहिलंय. नीट वाचा.

भट्टीवाला

वाचलं. आहे तसं! 'सोल आर्बिट्रेटर टू बी नॉमिनेटेड बाय बायर.' पान उलटल्यावर पहिलीच ओळ, आम्ही कुणी बघितली नव्हती.

काळा_कोट

ती ओळ काढून 'सियाकच्या अध्यक्षांकडून नेमणूक' करा. याला ते नाही म्हणाले, तर गिऱ्हाईक कसलं आहे ते फुकटात कळलं.

घोकंपट्टी

धागा वाचनखुणेत टाकला. परीक्षेत याच्यावर प्रश्न आला तर भट्टीवाल्यांचं नाव घेईन.

भट्टीवाला

अपडेट देतो. काल रात्री त्यांच्या खरेदीवाल्याशी बोलणं झालं. आर्बिट्रेटरची ओळ दोन मिनिटांत काढली, म्हणाला टेम्प्लेटमध्ये राहून गेली होती. सीट सिंगापूर, कोल्हापूर गेलं, आमच्या वकीलसाहेबांना थोडं वाईट वाटलं. रिजेक्शनची नोटीस माल उतरल्यापासून ३० दिवसांत आणि मशिनिंगच्या आधी, हे मान्य. ९० चे ६० दिवस झाले. पॅटर्नचं कलम त्यांचा वकील बघतोय.

जर्मन कंपनीच्या हमीला मात्र साफ नाही. 'ग्रुप पॉलिसी' म्हणे. त्याऐवजी पहिल्या वर्षी तीस टक्के ॲडव्हान्स देतो म्हणाला.

ताळेबंद

ॲडव्हान्स घ्या आणि उधारीला मर्यादा घाला. दोन खेपांपेक्षा जास्त पैसे बाहेर अडकले की तिसरी लोड करायची नाही, असं करारातच लिहा.

मर्लायन

आणि सोर्सिंग कंपनीचा तिथल्या कंपनी रजिस्टरमधला उतारा काढून घ्या. थोडे डॉलर लागतात, ऑनलाइन मिळतो. भरणा झालेलं भांडवल किती दाखवलंय ते इथे सांगा, मग उधारीचा आकडा ठरवू.